दुसरे दुकान उघडण्याआधी पहिल्याचा हिशेब मांडा

घरबसल्या कमाईचे एक नव्हे, चार मार्ग हवेत, असे हल्ली जो तो सांगतो. मीशोवर कुर्त्या, इन्स्टाग्रामवर दागिने, यूट्यूबवर चॅनेल आणि जोडीला नातेवाइकांच्या ग्रुपवर दुसऱ्यांच्या मालाच्या लिंक. पगार पुरत नाही, शेतीचा भरवसा नाही, मुलांची फी दरवर्षी वाढते. अशा वेळी हे ऐकून कुणाचेही मन हलेल, आणि त्यात गैर काही नाही. माझी कळकळीची विनंती एवढीच, की चारही एकदम सुरू करू नका. एक सुरू करा, त्याचा पै-पैचा जमाखर्च वहीत लिहा. पाच-सहा महिने खरोखर काही हातात उरले, तरच दुसऱ्याकडे वळा.

हे का सांगतो, ते आकड्यांतच पाहा. समजा, एक कुर्ती ४९९ रुपयांना विकली. खरेदी २६० रुपये, पिशवी-लेबल १५, पोहोचवण्याचा आणि इतर आकार धरून ११०. उरले ११४. दहा पार्सले गेली की ११४० सुटले, असे वाटते. पण कपड्यांत परत येणारा माल बराच असतो. दहातली तीन ग्राहकांनी परत केली तर सातांचे ७९८ रुपयेच हाती येतात. परत आलेल्या प्रत्येकाचा जाण्या-येण्याचा खर्च १६० आणि पॅकिंग १५ धरा, तिन्हींचे ५२५ झाले. त्यातली एक कुर्ती मळून आली, पुन्हा विकता येईना, तिचे २६० गेले. राहिले अवघे १३ रुपये. त्यातच विक्री वाढावी म्हणून पार्सलमागे ३० रुपयांची जाहिरात केली असेल, तर दहा पार्सलांवर २८७ रुपये खिशातून गेले. आणि एवढे होऊनही ऑर्डर येत असतात, मोबाइल वाजत असतो, धंदा जोरात चाललाय असेच घरच्यांना वाटते.

म्हणून जाहिरातीवर पैसे घालण्याआधी परत येणारा माल कमी करा. मापाचा तक्ता छातीच्या आणि उंचीच्या इंचांत द्या. फोटो दिवसाउजेडी, स्वतःच्या मालाचा काढा. घाऊक व्यापाऱ्याने पाठवलेला चकचकीत फोटो ग्राहकाला फसवतो आणि पार्सल परत आणतो. माल भरताना आणि परत आलेले पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. बदललेला किंवा फाटका माल आला, तर दाव्याला तोच पुरावा लागतो.

दुसरे उत्पन्न जोडायचेच, तर ते पहिल्यातून निघू द्या. कोकणातली एखादी ताई आमसुले आणि आगळ विकते. रातांबे फोडण्यापासून वाळवणापर्यंतचा व्हिडिओ ती टाकू शकते, ज्या बरण्या वापरते त्यांची लिंक देऊ शकते. कष्ट एकच, वाटा तीन. (खाद्यपदार्थ विकताना अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच, घरगुती असले तरी.) उलट सकाळी कुर्त्या, दुपारी बातम्यांचे व्हिडिओ आणि रात्री कर्जाच्या अॅपच्या लिंक करणाऱ्याला कशातच जम बसवता येत नाही.

जाहिरातींच्या पैशावर घरखर्च बेतू नका. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिले जाणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज लागतात. तिथवर पोहोचलात तर लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींचा ५५ टक्के वाटा तुमचा. पैसे सुरू झाले की अमेरिकी कराचा अर्ज आवर्जून भरा. न भरल्यास जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भरला तर अमेरिकी कर फक्त तिथल्या प्रेक्षकांच्या हिश्शावर लागतो. अमेरिकेतली मराठी मंडळी तुमचे व्हिडिओ पाहत असतील, तर हे तुमच्याच कामाचे आहे. आणि स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करू नका, भावाबहिणींनाही सांगू नका. खाते बंद होऊ शकते.

सरकारी कागदांकडेही पाठ फिरवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात जीएसटी नोंदणीशिवाय, नावनोंदणी क्रमांक घेऊन, मीशोसारख्या मंचांवर माल विकता येतो. परराज्यात पाठवायचा असेल तर नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असो. राज्य सरकारी नोकरीत असाल, तर परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही, हे १९७९ च्या वर्तणूक नियमांतच आहे.

लिंक पाठवताना समोरच्याला सांगा, की यातून मला कमिशन मिळते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तशी स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. पण नियम नसता तरी मी हेच म्हटले असते. मावशी, शेजारी, जुने वर्गमित्र तुमच्या शब्दावर खरेदी करतात. जी वस्तू स्वतः वापरली नाही, तिची शिफारस करू नका.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काम देणारा आधी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा. व्हिडिओ लाइक करा, पन्नास रुपये घ्या, असे म्हणत टेलिग्रामवर ओढतात. पहिले दोन दिवस पैसे खरेच येतात. मग मोठ्या कामासाठी आधी हजार भरा, नंतर दहा हजार, आणि अडकलेले सोडवायला आणखी. कुणी तुमचे बँक खाते भाड्याने मागितले, तर साफ नकार द्या. त्यातून फिरलेल्या चोरीच्या पैशाचा जाब पोलीस तुम्हाला विचारतात. फसगत झालीच, तर लाजेपोटी लपवू नका. त्याच तासाला १९३० वर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक द्या आणि आपल्या बँकेलाही कळवा. रक्कम पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती गोठवता येते.