छत्रीआधी छप्पर : भारतीय कुटुंबांच्या दायित्व विम्यातील पोकळी

वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून शून्यावर आला. घराच्या आणि खासगी वाहनाच्या विम्याला मात्र ही सवलत मिळालेली नाही. करआकारणीतील हा भेद भारतीय कुटुंबांच्या मानसिकतेशी जुळणाराच आहे. आपला जीव, आपले आजारपण आणि फार तर आपली मालमत्ता, एवढ्यापुरताच विम्याचा विचार येथे केला जातो. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई कोठून द्यायची, हा प्रश्न घरातील जमाखर्चाच्या वहीत सहसा येत नाही. विमा नियामक 'इर्डाई'ने 2047 पर्यंत सर्वांना विमा देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठताना दायित्वाचा हा कोपरा दुर्लक्षित राहण्याची शक्यता आहे.

अमेरिकेत हा कोपरा भरून काढण्यासाठी 'अम्ब्रेला' म्हणजे छत्री पॉलिसी घेतली जाते. तेथे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांना ती परिचित आहे. वाहन विमा आणि घराचा विमा यांत दायित्वाची ठरावीक मर्यादा असते. न्यायालयाने त्याहून अधिक भरपाई ठरवली तर वरची रक्कम छत्री पॉलिसीतून दिली जाते. तिचे संरक्षण साधारणतः 10 लाख डॉलरपासून सुरू होते. बदनामीसारख्या काही दाव्यांनाही ते लागू होऊ शकते. जाणूनबुजून केलेले कृत्य, व्यवसायातून उद्भवलेले दायित्व आणि स्वतःच्या मालमत्तेचे नुकसान मात्र तिच्या कक्षेबाहेर राहते.

या पॉलिसीची मुख्य अट तिच्या रचनेतच आहे. खालच्या वाहन आणि गृह विम्यात दायित्वाची किमान रक्कम कायम ठेवावी लागते. ते खालचे संरक्षण खंडित झाले तर मधली रक्कम विमाधारकालाच भरावी लागते. छत्री छपराची जागा घेत नाही, ती छपराच्या वर असते.

अमेरिकेत या वरच्या थराची गरज भासते, कारण खालचा सक्तीचा थर अनेक राज्यांत पातळ आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून वाहन विम्याची किमान मर्यादा वाढवण्यात आली. तरीही ती एका व्यक्तीच्या इजा किंवा मृत्यूसाठी 30 हजार डॉलर आणि एका अपघातासाठी एकूण 60 हजार डॉलर एवढीच आहे. गंभीर दुखापतीच्या उपचारांचा तेथील खर्च पाहता ही रक्कम लवकर संपते.

भारताने याबाबत वेगळा मार्ग स्वीकारला. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवण्यासाठी तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. या विम्यात तृतीय पक्षाच्या मृत्यूसाठी किंवा शारीरिक इजेसाठी रकमेची कमाल मर्यादा प्रचलित नाही. न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती विमा कंपनी देते. वाहनापुरते पाहिले तर हे संरक्षण अमेरिकेतील अनेक राज्यांच्या सक्तीच्या विम्यापेक्षा व्यापक आहे. भारतात छत्री पॉलिसीची मागणी निर्माण न होण्याचे हे एक कारण आहे.

या संरक्षणाचे मोल भरपाईच्या गणितातून स्पष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मधील सरला वर्मा आणि 2017 मधील प्रणय सेठी या निकालांद्वारे भरपाई मोजण्याची रीत निश्चित केली. एक उदाहरण घेता येईल. कायम नोकरी असलेल्या 30 वर्षांच्या व्यक्तीचे कर वजा जाता वार्षिक उत्पन्न 12 लाख रुपये असून तिच्यावर चार जण अवलंबून आहेत. अपघातात तिचा मृत्यू झाल्यास भविष्यातील वाढीपोटी उत्पन्नात 50 टक्के मिळवले जातात, वैयक्तिक खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केला जातो आणि उरलेल्या रकमेला 17 ने गुणले जाते. ही रक्कम 2 कोटी 29 लाख 50 हजार रुपये होते. व्याज आणि अन्य भरपाई त्याशिवाय असते.

मृत व्यक्ती कमी उत्पन्नाची असली तरी दायित्व किरकोळ नसते. महिना 15 हजार रुपये कमावणाऱ्या 25 वर्षांच्या अविवाहित कामगाराच्या बाबतीत याच पद्धतीने, 40 टक्के वाढ, निम्मी वजावट आणि 18 चा गुणक धरून, 22 लाख 68 हजार रुपये होतात. याउलट 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसी क्षमतेच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता 714 रुपये आहे. हा हप्ता चुकवणारा मालक प्रत्यक्षात लाखो रुपयांची जोखीम स्वतःच्या अंगावर घेत असतो.

आणि हप्ता चुकवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. देशातील रस्त्यांवरील वाहनांचा फार मोठा हिस्सा, विशेषतः दुचाकी, वैध विम्याविना धावतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो. ती मुदत संपल्यावर नूतनीकरण मालकाच्या इच्छेवर आणि स्मरणावर उरते. विमा नसल्याचा पहिला गुन्हा असेल तर दंड 2,000 रुपये आहे. तुरुंगवासाची तरतूद असली तरी रस्त्यावर दंडाचीच भीती अधिक असते. मात्र खरा धोका दंडाचा नसून दायित्वाचा आहे. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा मृत्यू झाला. अशा प्रकरणांत दोषी वाहनाला विमा नसेल तर भरपाईचा आदेश थेट चालक आणि मालकाच्या नावावर निघतो.

विमा असूनही मालक मोकळा होतोच असे नाही. चालकाकडे वैध परवाना नसणे यांसारख्या अटीभंगाच्या प्रकरणांत न्यायालये 'आधी भरा, मग वसूल करा' हे तत्त्व लावतात. 2004 मधील स्वर्ण सिंग निकालाने त्याची चौकट घालून दिली. त्यानुसार पीडिताला विमा कंपनीकडून पैसे मिळतात, पण अटीभंगात मालकाची चूक सिद्ध झाल्यास कंपनी ती रक्कम त्याच्याकडून परत मागू शकते. शिकवणीला जाण्यासाठी अल्पवयीन मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणाऱ्या पालकांनी हे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. 2019 च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम 199अ नुसार अशा प्रकरणात पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. आर्थिक वसुलीचा प्रश्न त्याहून निराळा आहे.

जुने वाहन विकून नोंदणी हस्तांतरित न करणे हीदेखील तशीच घरगुती चूक आहे. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मधील नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले. स्कूटर दोन-तीन हात बदलून दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचली तरी मूळ मालकाचे दायित्व तिच्यासोबत फिरत राहते.

भरपाई न दिल्यास काय होते, याचीही अनेकांना कल्पना नसते. कलम 174 नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचे प्रमाणपत्र पाठवू शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजेच विमा नसलेल्या एका दुचाकीपायी शेतजमीन किंवा घर जप्तीच्या कारवाईत येऊ शकते. नुकसान करणाऱ्याकडे मालमत्ताच नसेल तर पीडिताच्या हाती केवळ निकालाची प्रत उरते. दायित्व विमा त्यामुळे दोन कुटुंबांना सावरणारी व्यवस्था ठरतो.

मालमत्तेच्या नुकसानीबाबत वाहन विम्याचे छप्परही आखूड आहे. तृतीय पक्षाच्या मालमत्तेसाठी खासगी मोटारीच्या विम्यात सर्वसाधारणपणे साडेसात लाख रुपयांपर्यंत, तर दुचाकीच्या विम्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. एखाद्या महागड्या मोटारीला धडक बसल्यास त्यावरील खर्च धडक देणाऱ्याच्या माथी येऊ शकतो.

वाहनाखेरीज इतर बाबतींत तर सक्तीचा आधारच नाही. पाळीव कुत्र्याने शेजाऱ्याच्या मुलाला चावा घेणे, गच्चीवरील कुंडी खाली कोणाच्या डोक्यावर पडणे, स्नानगृहातील गळतीने खालच्या सदनिकेचे छत खराब होणे, खिडक्या पुसताना घरकामगार पडून जखमी होणे, या घटना कोणत्याही शहरात घडतात. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोएडा प्राधिकरणाने पाळीव कुत्र्याने चावा घेतल्यास मालकाला 10 हजार रुपये दंड आणि जखमीच्या उपचारांचा खर्च देणे बंधनकारक केले. जबाबदारी निश्चित करण्याकडे कल वाढत असताना ती पेलण्याची आर्थिक सोय मात्र त्या गतीने वाढलेली नाही.

'इर्डाई'च्या निर्देशानुसार 1 एप्रिल 2021 पासून उपलब्ध झालेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंप यांसारख्या कारणांनी घराच्या आणि घरातील वस्तूंच्या होणाऱ्या हानीभोवती रचलेली आहे. दुसऱ्याप्रती असलेले दायित्व हा तिचा विषय नाही. गृहधारकांसाठीच्या जुन्या पॅकेज पॉलिसींमध्ये सार्वजनिक दायित्वाचा स्वतंत्र विभाग असे आणि आजही काही कंपन्या तो ऐच्छिक जोड म्हणून देतात. तथापि ग्राहक तो मागत नाही आणि विक्रेता सुचवत नाही. 2023-24 मध्ये देशातील सर्वसाधारण विम्याचा व्याप सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा एक टक्का होता. जेथे घराचाच विमा दुर्मीळ, तेथे घरमालकाच्या दायित्वाचा विमा आणखी दुर्मीळ असणे स्वाभाविक आहे.

मागणी नसण्याचे मूळ न्यायव्यवस्थेतही आहे. वाहन अपघातासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आणि भरपाईचे ठरलेले सूत्र आहे. कुंडी पडून जखमी झालेल्याला मात्र दिवाणी दावा दाखल करावा लागतो. त्यासाठी सामान्यतः दाव्याच्या रकमेवर आधारित न्यायशुल्क भरावे लागते आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. परिणामी बहुतांश प्रकरणे शेजाऱ्यांतील तडजोडीत किंवा अबोल्यात संपतात. जर्मनीत नुकसान करणाऱ्याचे दायित्व कायद्याने अमर्याद आहे. त्यामुळे वैयक्तिक दायित्व विमा ऐच्छिक असूनही तेथील बहुसंख्य घरांत तो असतो. भारतात अशा विम्याचा प्रसार झाल्यास दावे वाढतील आणि हप्ते महागतील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु दावे कमी असण्याचे कारण नुकसान कमी असणे हे नसून भरपाई मिळण्याची आशा कमी असणे हे असेल, तर ती परिस्थिती समाधानाची म्हणता येत नाही.

म्हणून अमेरिकेतील छत्री पॉलिसीची नक्कल करण्याआधी भारताने खालचे छप्पर पूर्ण करणे अधिक आवश्यक आहे. प्रमाणित गृह विम्यात मर्यादित रकमेचे दायित्व संरक्षण अंगभूत करणे आणि मुदत संपलेल्या वाहन विम्याचा नोंदणीच्या आधारे पाठपुरावा करणे, ही धोरणाच्या पातळीवरील दोन पावले ठरू शकतात. कुटुंबांसाठीची पावले त्याहून सोपी आहेत. वाहन विम्याची मुदत तपासणे, परवाना नसलेल्याला किल्ली न देणे, विकलेल्या वाहनाची नोंदणी वेळेत हस्तांतरित करणे आणि घराचा विमा घेताना त्यात दायित्वाचा विभाग आहे का, हे विचारणे. या चारही गोष्टींचा खर्च तुलनेने अल्प आहे. त्या टाळल्या तर भरपाईचा आदेश येतो तेव्हा पुढे उभे राहायला कुटुंबाशिवाय दुसरे कोणी नसते.