परदेशाहून परततांना पिशवींत काय असावें?

परदेश पाहून आलेल्या मनुष्यास गांवच्या वेशींत पहिला प्रश्न होतो तो "काय आणलेंत?" हा. व्यापारी माल आणील, विद्यार्थी पदवी आणील. शेतकऱ्याची नजर मात्र कोठेंहि गेला तरी बेण्यावर असावयाची. दुसऱ्याच्या रानांतील भरलेलें कणीस पाहून ज्याचा हात कधीं शिवशिवला नाहीं, असा शेतकरी विरळा. ही वृत्ति मुळांत निंद्य नव्हे. चांगलें बेणें गांवोगांव पसरलें तें याच वृत्तीनें. परंतु परदेशप्रवासाच्या शेवटच्या दिवशीं तिला आवर घातला नाहीं, तर ती एका शेतकऱ्यालाच नव्हे, सगळ्या मुलुखाला महाग पडूं शकते. अभ्यासदौऱ्यांच्या निमित्तानें आपल्यांतील पुष्कळ मंडळी आतां परदेशीं जाऊं लागली आहेत. म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक वाचकांपुढें मांडण्याचें मीं ठरविलें आहे.

गेल्या ऑक्टोबरच्या आरंभीं आम्ही तेरा शेतकरी हॉलंडांत होतों. शेवटच्या दिवशीं पहांटे आल्समेर येथील फुलांचा लिलाव पाहिला. आपल्याकडे बोली चढत जाते. तेथें घड्याळाच्या तबकडीवर भाव वरून खालीं उतरत जातो व जो प्रथम कळ दाबील त्याचा माल. क्षणभर थांबलें तर भाव उतरतो, पण मालहि दुसऱ्याचा होतो. पुष्कळ व्यापारी आतां संगणकावरून घरबसल्या खरेदी करतात. या गांवीं लिलावास आरंभ झाला तो १९११ सालीं, आणि आजहि त्याची मालकी फुलें पिकविणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडेच आहे, ही गोष्ट मला तेथील फुलांहून अधिक मोलाची वाटली.

दुपारीं हार्लेमर्मेर भागांतील एका बटाट्याच्या शेतावर गेलों. हें सारें रान म्हणजे एके काळचें सरोवर. तीन ठिकाणीं वाफेचे पंप बसवून १८४९ ते १८५२ या काळांत तें उपसून कोरडें केलें. तेथील विमानतळहि याच तळांत, समुद्रसपाटीच्या सुमारें तीन मीटर खालीं वसलेला आहे. त्या काळ्याभोर मातींत गहू, साखरेचें बीट व बटाटा पिकतो. यजमान शेतकऱ्यानें प्रथम आमच्या बुटांवर पातळ पिशव्या चढविण्यास सांगितलें, तेव्हां आमच्यांत थोडी हंशा पिकली. बेण्याचा बटाटा लावण्यापूर्वीं त्याला मातीचा नमुना देऊन, तींत बटाट्याचा कोश-सूत्रकृमि नाहीं असा निर्वाळा घ्यावा लागतो, हें त्यानें समजावून सांगितलें. एकाच शेतांत तो लागोपाठ बटाटा घेत नाहीं.

आमच्या खेड-आंबेगांव भागांत पावसाळी बटाटा हाच कित्येक घरांचा वर्षाचा आधार. तें तुकतुकीत, एकसारखें पीक पाहून मीं दोन-चार बटाटे मागितले. यजमान हंसला व म्हणाला, "कागदाशिवाय एकहि नाहीं." त्या नकाराचा मला रागच आला. निघतांना ढिगाच्या कडेला पडलेले चार बटाटे मीं उचलले, रुमालांत गुंडाळले व कोटाच्या खिशांत टाकले. त्यास त्या क्षणीं मीं चोरी म्हटलें नाहीं, हौस म्हटलें.

संध्याकाळीं विमानतळावर सोबती भेटवस्तु घेत फिरत होते; मी खिशावर हात ठेवून बसून होतों. विमान निघालें. जेवण झालें, दिवे मालवले, आणि मला झोंप येईना. तपासणीची भीति होतीच. पण यजमानानें सांगितलेली दुसरी एक गोष्ट मनांतून जाईना. त्या सूत्रकृमीच्या मादीचें शरीर मेल्यावर कडक कोश बनतें. तो टांचणीच्या डोक्याहून लहान असतो, त्यांत शेंकडों अंडीं असतात, आणि बटाटा मिळाला नाहीं तरी तीं मातींत वीस वर्षांहूनहि अधिक तग धरूं शकतात. असा कोश माझ्या रुमालांत नसेल हें मी कशावरून म्हणणार होतों?

हा धोका काल्पनिक नाहीं. आपल्या देशांत हा सूत्रकृमि प्रथम आढळला तो १९६१ सालीं, निलगिरींत. तेथील बेणें बाहेर पाठविण्यावर बंधन आलें. पुढें हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर व उत्तराखंड येथेंहि तो आढळल्यामुळें २०१८ सालीं तेथील बेण्याच्या वाहतुकीवर केंद्र सरकारनें निर्बंध घातले. ज्या डोंगरांतील निरोगी हवा बेण्याकरितां नांवाजलेली, तेथील शेतकऱ्याचें बेणें असें अडून पडलें. त्याहून भयंकर उदाहरण आयर्लंडचें. १८४५ सालीं बटाट्यावर बाहेरून आलेला करपा तेथें पडला. त्यानंतरच्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व त्याहून अधिक देश सोडून गेलीं.

सकाळीं मुंबईस उतरल्यावर दोन मार्ग दिसले. जाहीर करण्याजोगें ज्यांच्यापाशीं कांहीं नाहीं त्यांचा हिरवा, असेल त्यांचा तांबडा. बारा सोबती हिरव्यांतून गेले. मी तांबड्याकडे वळलों. अधिकाऱ्यापुढें चारहि बटाटे ठेवले. त्याला मातीचे कण लागलेले होते म्हणून रुमालहि दिला, व बुटांचे तळवे दाखविले. चौकशींत तासभर गेला. बटाटे नष्ट करण्याकरितां ठेवून घेतले गेले. बाहेर ताटकळलेला एक सोबती चिडून म्हणाला, "चार बटाट्यांपायीं आमचा तास मोडलात! गुपचूप आला असतां तर कोण बघत होतें?" तेव्हां मला उत्तर सुचलें नाहीं. तें आज देतों.

कोणी म्हणेल कीं, बटाटा, मिरची, मका, भुईमूग, पपई हीं सर्व परदेशांतूनच आलीं. मग आतांच एवढें सोवळें कशाला? आक्षेप वरवर खरा आहे. परंतु तीं पिकें शिडाच्या जहाजांतून महिनोन्महिने प्रवास करून आलीं, आणि तेवढ्या काळांत वाटेंतच पुष्कळ कीड मरून जाई. आगबोटी आल्या, प्रवास दिवसांवर आला, आणि १८६० नंतर अमेरिकन द्राक्षवेलींबरोबर फायलोक्झेरा नांवाची कीड जिवंत फ्रान्सांत पोहोंचली. तिनें तेथील मळ्यांचा फडशा पाडला. आतां तर हॉलंडहून मुंबईस सुमारें नऊ तासांत येतां येतें. कीड भुकेजण्यापूर्वींच उतरते. २००८ सालीं कोइमतूरकडे परका पिठ्या ढेकूण पपईवर दिसला. थोड्याच काळांत तो आपल्या पपईच्या बागांतहि पोहोंचला. त्याचा शत्रुकीटक २०१० सालीं परदेशांतून मागवून सोडला, तेव्हां तो आटोक्यांत आला. म्हणजे परदेशांतून कांहींच आणूं नये असें नव्हे; तपासून आणावें. आपल्या द्राक्षबागा आज ज्या डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत, तोहि मूळचा अमेरिकेचाच.

तपासून आणण्याची वाट आंखलेली आहे. १९१४ सालचा कीड-रोगविषयक कायदा व २००३ सालचा वनस्पति-संगरोध आदेश यांप्रमाणें बेण्याकरितां आगाऊ परवाना व निघण्याच्या देशाचा निरोगीपणाचा दाखला लागतो. संशोधनाकरितां आणावयाचें बेणें दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पति अनुवंशिक संसाधन संस्थेमार्फत तपासलें जातें. ही वाट लांब आहे, एकट्या शेतकऱ्याला कंटाळवाणी आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण म्हणूनच ती संघानें चालावी. एखादें वाण आपल्या भागास उपयोगी दिसलें, तर त्याचें नांव, पैदासकार व जमिनीचा प्रकार लिहून आणावा व संघानें कृषि विद्यापीठामार्फत त्याची रीतसर मागणी करावी. दौऱ्यावर निघण्यापूर्वीं प्रत्येकास हे नियम मराठींत छापून द्यावे. परततांना शेतावर वापरलेले बूट तेथेंच धुवावे. मातीचा कणहि बरोबर घेऊं नये. आणि परत आल्यावर महिन्याच्या आंत प्रत्येकानें काय पाहिलें त्याची टिपणी या मासिकाकडे धाडावी.

माझी टिपणी आल्समेरच्या लिलावाविषयीं आहे. ती मी वेगळी पाठवीत आहे. तिला परवाना लागत नाहीं आणि ती कितीहि वाटली तरी कोणाच्या शेताला रोग लागावयाचा नाहीं. तासभर ताटकळलेल्या माझ्या सोबत्यास एवढेंच सांगणें आहे कीं, कोणी बघत नव्हतें हें खरें. पण त्या बटाट्यांतून कांहीं निसटलें असतें, तर तें प्रथम माझ्या शेतांत आणि दुसऱ्या पावसाळ्यांत त्याच्याच शेतांत उतरलें असतें, कारण आमचा बांध एक आहे. संघाच्या चालकांनीं वरील सूचनांचा पुढील दौऱ्यापूर्वीं विचार करावा, अशी नम्र विनंति आहे.