फसवून घेतलेली सही

ब्रिटिश विनोदकार साशा बॅरन कोहेन सोंग घेऊन लोकांच्या मुलाखती घेतो. २०१८ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेत त्याने रिपब्लिकन नेते रॉय मूर यांच्याजवळ एक ‘यंत्र’ नेले. बालकांचे लैंगिक शोषण करणारा जवळ आला की ते वाजते म्हणे. ते वाजले! आपण किशोरवयात असताना मूर यांनी लैंगिक गैरवर्तन केले, असे काही स्त्रियांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. मूर यांनी ते नाकारले. त्यांचा बदनामीचा दावा २०२१ मध्ये फेटाळला गेला, कारण संमतिपत्रावर त्यांची सही होती.

आपल्यातल्या बऱ्याचजणींना हे ऐकून बरे वाटते. मलाही वाटले. ‘एकाच पक्षाची टिंगल का?’ ही तक्रार मला फारशी टोचत नाही. टोचते ती सही. नांदत्या घरातून हाकलताना कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या घेऊन बायका माझ्याकडे येतात. ती सही खोटेपणाने घेतली, असे आपण कोर्टात भांडतो. मग नावडत्या माणसाची तशीच सही कशी चालते?

मूर निदान अलाबामाचे माजी सरन्यायाधीश. पण याच कोहेनने ‘बोराट’ (२००६) मध्ये स्त्रीवादी कार्यकर्त्यांनाही बनवले, आणि रुमानियातल्या ग्लोद गावच्या गरिबांना हास्यास्पद करून दाखवले. हा माहितीपट आहे असे आपल्याला सांगितले होते, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. पद नाही, वकील नाही, अशा माणसाला चित्रण दाखवून पुन्हा विचारल्याशिवाय ते पडद्यावर येता कामा नये.