होम थिएटर करताय? आधी प्लेअर ठरवा

होम थिएटरच्या खर्चाची यादी करायला बसलेलं कुटुंब आधी टीव्हीचे इंच मोजतं, मग स्पीकर, मग सोफा. चित्रपट येणार कुठून, हा प्रश्न त्या यादीत बहुतेकदा नसतोच. टीव्हीत सगळी अ‍ॅप आहेत, वेगळं यंत्र हवंय कशाला, असं दुकानदारही सांगतो. हा सल्ला चुकीचा आहे. लाख-दीड लाखाचा पडदा आणि पाच-सात स्पीकर ज्या चित्रासाठी आणि आवाजासाठी घ्यायचे, ते दोन्ही पुरेपूर मिळतात ते आजही डिस्कवरूनच. म्हणून फोर-के ब्लू-रे प्लेअरचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत टीव्हीचे इंच बसवावेत.

आकडे पाहिले की हे पटतं. फोर-के चित्रपटासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेगाचं इंटरनेट पुरेसं मानतं. फोर-के ब्लू-रे डिस्कवरून माहिती वाचण्याचा वेग १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो आणि एका डिस्कवर १०० जीबीपर्यंत माहिती मावते. ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये नायक नारिंगी धुळीने भरलेल्या ओसाड शहरातून चालत जातो. धूळ, धूर, पाऊस, अंधारातल्या सावल्या अशा ठिकाणीच दाबून लहान केलेलं चित्र उघडं पडतं. नारिंगी रंगाची एकेक छटा हलकेच दुसरीत मिसळायला हवी, तिथे पट्टे दिसू लागतात. सहा इंचांच्या फोनवर ते कळत नाही. पासष्ट इंचांवर डोळ्यांत खुपतं.

आवाजाची तफावत तर याहून मोठी. डिस्कवरचे डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ट्रॅक मूळ ध्वनिमुद्रणातलं काहीही न गाळता साठवलेले असतात. स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज, मात्र बहुधा दाबून, आकाराने लहान करूनच पाठवलेला असतो.

आता खरेदीकडे. पहिली गफलत खोक्यावरच्या शब्दांनी होते. साधा ब्लू-रे २००६ मध्ये आला, अल्ट्रा एचडी म्हणजे फोर-के ब्लू-रे २०१६ मध्ये. स्वस्त प्लेअरच्या खोक्यावर ‘फोर-के अपस्केलिंग’ असं ठळक छापलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच, की यंत्र साध्या डिस्कचं चित्र ताणून मोठं करतं. फोर-के डिस्क त्यात चालत नाही. खोक्यावर ‘अल्ट्रा एचडी ब्लू-रे’ हे चिन्ह नसेल, तर ते यंत्र परत ठेवावं.

दुसरा प्रश्न टीव्हीशी जुळण्याचा. प्रकाशाचा विस्तृत पल्ला दाखवणारं एचडीआर तंत्र डिस्कवर मुख्यतः तीन तऱ्हांचं आहे. एचडीआर १० सगळीकडे चालतं. डॉल्बी व्हिजन एलजी आणि सोनीच्या अनेक टीव्हींवर चालतं, सॅमसंगच्या टीव्हीवर नाही. सॅमसंगने एचडीआर १० प्लसचा रस्ता धरला आहे. सोनीचे एक्स ७०० आणि एक्स ८००एम२ हे प्लेअर डॉल्बी व्हिजन देतात, पण एचडीआर १० प्लस देत नाहीत. शिवाय डॉल्बी व्हिजन मेनूत जाऊन हाताने सुरू-बंद करावं लागतं. पॅनासॉनिकचा यूबी ८२० दोन्ही चालवतो. घरात प्रोजेक्टर असेल तर त्याचं पारडं आणखी जड होतं. डिस्कवरचं चित्र १,००० किंवा ४,००० निट्स उजेड गृहीत धरून तयार केलेलं असतं आणि प्रोजेक्टरच्या पडद्यावर त्याचा जेमतेम अंश पोचतो. हा उजेड पडद्याच्या कुवतीनुसार बसवण्याचं काम यूबी ८२० स्वतः करतो.

तिसरा प्रश्न आवाजाच्या वाटेचा. अ‍ॅम्प्लिफायर जुना असेल आणि फोर-के एचडीआर चित्र पुढे पाठवत नसेल, तर तो बदलण्याची घाई नको. दोन एचडीएमआय आउटपुट असलेला प्लेअर घ्यावा. एक केबल थेट टीव्हीला जाते, दुसरी फक्त आवाज घेऊन अ‍ॅम्प्लिफायरला. टीव्हीतून साउंडबारला आवाज न्यायचा असेल, तर दोन्हीकडे ई-आर्क (टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलनेच बाहेर नेण्याची सुधारित सोय) आहे ना, हे पाहावं. साध्या आर्कमधून ट्रू-एचडी जात नाही.

इतकं करूनही पहिल्या दिवशी निराशा होते ती दोन सेटिंगमुळे. पहिलं टीव्हीत असतं. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीत एचडीएमआय सिग्नलचा ‘एनहान्स्ड’ पर्याय. ज्या पोर्टला प्लेअर जोडला त्यावर हे सुरू नसेल तर एचडीआर चित्र येतच नाही. दुसरं प्लेअरमध्ये. सोनीत त्याचं नाव ‘बीडी ऑडिओ मिक्स’, पॅनासॉनिकमध्ये ‘सेकंडरी ऑडिओ’. ते सुरू राहिलं की प्लेअर मूळ ट्रॅकमध्ये मेनूचे आवाज मिसळून पुढे पाठवतो आणि अ‍ॅम्प्लिफायरवर ‘अ‍ॅटमॉस’ ही अक्षरं उमटत नाहीत. ते बंद करायला अर्धं मिनिट लागतं.

परदेशातल्या मुलाकडून किंवा भावाकडून डिस्क मागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या ब्लू-रेचे जगभरात ए, बी, सी असे तीन विभाग आहेत. भारत सी-मध्ये येतो, अमेरिका ए-मध्ये. विभागाचं बंधन घातलेली अमेरिकी डिस्क इथल्या प्लेअरमध्ये चालत नाही. फोर-के डिस्कना हे बंधन नाही. प्लेअरच तिकडून आणायचा असेल, तर तो २३० व्होल्टवर चालतो का, हे मागच्या पट्टीवर आधी वाचून घ्यावं.

घरात प्लेस्टेशन ५ असेल तर वेगळा प्लेअर कशाला, असा प्रश्न मुलं विचारतील. डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशनवर फोर-के डिस्क चालते, पण डॉल्बी व्हिजन मिळत नाही आणि गाण्यांच्या जुन्या सीडी तर तो वाजवतच नाही. सुरुवात म्हणून ठीक; थिएटरसाठी वेगळी खोली काढणाऱ्याने त्यावर थांबू नये.

मुख्य आक्षेप वेगळाच आहे: मरणपंथाला लागलेल्या तंत्रावर पैसे का घालावेत? आक्षेपाला आधार आहे. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे प्लेअर काढणं सोडलं, २०२४ च्या अखेरीस एलजीही बाहेर पडली. मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस हे संगीत-चित्रपटांचं दुकान २०१६ मध्येच बंद झालं. पण हेच तर आता घेण्याचं कारण आहे. पॅनासॉनिक आणि सोनीसारखे मोजके उत्पादक उरले असताना चांगलं यंत्र घेऊन ठेवणं शहाणपणाचं. मागणी संपलेली नाही, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘ओपनहायमर’च्या फोर-के डिस्क अमेरिकेत दुकानांतून झटपट संपल्या तेव्हा दिसलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं, की त्यांनी पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या खात्यांतून काढले जाणार. पुढे हा निर्णय मागे घेतला गेला, पण ‘विकत घेतलं’ म्हणजे काय, हे ग्राहकांना कळून चुकलं. कपाटातली डिस्क अशी कोणी काढून नेत नाही.

आपल्या सिनेमाचाही यात मोठा स्वार्थ आहे. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. इटलीतल्या बोलोन्यात त्यांतला वाचलेला भाग मोठ्या कष्टाने दुरुस्त झाला आणि क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने त्या चित्रपटांच्या ब्लू-रे काढल्या. १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवलेल्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’लाही तशीच निगा आणि तशीच डिस्क मिळायला हवी. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि मराठी निर्मात्यांनी हे मनावर घ्यावं. घराघरांत चांगले प्लेअर असतील, तर ती डिस्क घेणारे हजारभर प्रेक्षक महाराष्ट्रात सहज सापडतील.