पडदा काळा पडला म्हणून मॉनिटर मेला असे नव्हे

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळुरूच्या बसवनगुडीत, बैलाच्या देवळाजवळ, शेंगांची मोठी जत्रा भरते. 'कडलेकाई परिशे' हे तिचे कन्नड नाव. त्या सुमारास पहाटेचा गारवा जाणवू लागतो. घरात दहा-पंधरा वर्षांचा जुना मॉनिटर असेल, तर तोही याच दिवसांत कुरकुर करू लागतो. सकाळी बटण दाबले तर दिवा नुसता लुकलुकतो आणि पडदा काळाच राहतो. दुपारी मात्र तोच मॉनिटर मुकाट्याने चालतो. "थंडीने गारठलाय," असे घरातली माणसे हसत म्हणतात. हे निदान अगदीच खोटे नसते!

अशा वेळी "आता नवाच घेऊ" असा निर्णय चटकन होतो. नव्या मॉनिटरला काही हजार रुपये पडतात. बिघाड मात्र अनेकदा काही रुपयांच्या सुट्या भागात असतो, तर कधी सैल झालेल्या वायरीत. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे होऊ नये म्हणून आधी थोडी तपासणी करावी. यातील बरीचशी तपासणी एकही स्क्रू न काढता घरच्या घरी करता येते.

प्रथम बाहेरून पाहा

पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे उमटत असतील, तर मॉनिटर ठणठणीत आहे असे समजावे. पडदा उजळतो आहे, अक्षरे दिसत आहेत, म्हणजे दोष वायरीत किंवा संगणकात आहे. संगणक बंद करून वायर दोन्ही बाजूंनी काढावी आणि पुन्हा नीट घट्ट बसवावी. शक्य असल्यास शेजाऱ्यांकडची वायर लावून पाहावी.

सगळे चित्र पिवळट दिसू लागले तर निळा रंग पोहोचत नाही असे समजावे. निळसर-हिरवे दिसले तर तांबडा रंग तुटला, आणि जांभळट-गुलाबी दिसले तर हिरवा. जुन्या व्हीजीए प्लगमध्ये तीन ओळींत 15 पिनांच्या जागा असतात. त्यातली एखादी पिन वाकली किंवा आतली तार तुटली की असा एखादा रंग नाहीसा होतो. मात्र पुष्कळ वायरींत मधल्या ओळीतली 9 क्रमांकाची पिन मुळातच नसते. ती दिसली नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

पडद्यावर रेघा दिसत असतील तर मॉनिटरच्याच बटणाने त्याचा मेनू उघडावा. हा मेनू मॉनिटर स्वतः तयार करतो, संगणकाकडून घेत नाही. रेघा मेनूवरूनही जात असतील तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ असेल तर वायर किंवा संगणक तपासावा.

टॉर्चची परीक्षा

सपाट पडद्याच्या मॉनिटरमधले द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. प्रकाश मागून येतो. जुन्या मॉनिटरांत त्यासाठी बोरूसारख्या बारीक ट्यूब असत, पुढे त्यांची जागा एलईडीने घेतली. म्हणून काळ्या पडद्याची एक सोपी परीक्षा आहे. संगणक चालू ठेवून खोलीत अंधार करावा आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. अंधुक चित्र दिसले तर पडदा शाबूत आहे आणि गेला आहे तो फक्त मागचा प्रकाश. चित्र एक-दोन सेकंद येऊन गडप होत असेल, तर तेही बहुधा याच दुखण्याचे लक्षण असते. सुरुवातीला तांबूस छटा दिसत असेल तर त्या ट्यूब थकल्या आहेत असे समजावे.

थंडीत का कुरकुरतो?

मॉनिटरच्या वीजपुरवठ्यात छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांच्यात एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आटत जातो, मग कपॅसिटरची टोपी फुगते आणि कधी त्यातून तपकिरी चिकटा बाहेर येतो. असा थकलेला कपॅसिटर थंडीत आणखीच दुबळा होतो आणि गरम झाला की कसाबसा काम करतो. सकाळचा रुसवा दुपारी निघतो तो यामुळे. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर मोठ्या संख्येने बाजारात आले होते. त्यामुळे त्या काळातील अनेक यंत्रे अकाली बंद पडली.

कपॅसिटरच्या आयुष्याचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी उतरले तर आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून मॉनिटरवर क्रोशाचा रुमाल घालण्याची हौस असेल तर तो बंद केल्यावरच घालावा. मागची झरोक्याची बाजू भिंतीला चिकटवू नये, आणि झरोक्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढत राहावी.

हात कोठे थांबवावा?

येथेच! मागचे झाकण मात्र घरी उघडू नये. आपल्याकडच्या 230 व्होल्टच्या विजेपासून मॉनिटरच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्टचा भार साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. जुन्या पेटीसारख्या, काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये तर वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब असतो. "बंद आहे, काय होणार?" हा विचार जिवावर बेतू शकतो.

बसवनगुडीकरांना दुरुस्तीसाठी लांब जावे लागत नाही. टाऊन हॉल ओलांडला की एस. पी. रोडचा इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार जवळच आहे. कारागिराला नुसते "बिघडलाय" न सांगता टॉर्चच्या परीक्षेत काय दिसले ते सांगावे. पडदा गेला की वीजपुरवठा, हे स्पष्ट विचारावे. नवा कपॅसिटर 105 अंशांचा घालायला सांगावा आणि काढलेला जुना भाग परत मागावा. पडदाच गेला असेल, तर दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

बिघडलेली वस्तू टाकण्याआधी दुरुस्त करून पाहावी, ही आपल्या आजीची रीत आता जगालाही पटू लागली आहे. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये 2009 साली पहिला 'रिपेअर कॅफे' भरला. तेथे जाणकार स्वयंसेवक आणि वस्तूचा मालक शेजारी बसून दुरुस्ती करतात. 2015 मध्ये बंगळुरूतही असा उपक्रम सुरू झाला.

टाकायचाच झाला तर

तो रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. काचेच्या नळीत शिसे असते, आणि सपाट मॉनिटरच्या जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा. तांब्याच्या लोभाने कोणी वायरी जाळतो, काच फोडतो, आणि तो विषारी धूर व धूळ त्याच्या मुलाबाळांच्या छातीत जाते. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे मे 2012 पासून लागू झाले, आणि सुधारित नियम एप्रिल 2023 पासून. अशा कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारा देशातला एक सुरुवातीचा कारखाना बंगळुरूजवळ डोब्बसपेठ येथेच उभा राहिला. तेव्हा अधिकृत संकलन केंद्राची चौकशी करून मॉनिटर तेथेच द्यावा.

थोडक्यात, आधी वायर, मग मेनू, मग टॉर्च, आणि त्यानंतर कारागीर. या क्रमाने गेल्यास पैसे वाचतात, धोका टळतो आणि गारठलेला मॉनिटर आणखी काही हिवाळे सुखाने काढतो.