तक्रारीला तारीख हवी

शीव कोळीवाड्यात नळाला येणारं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं. उल्हास नदीशी आपला काय संबंध, असं वाटू शकतं. पण इथे जागा पुरेना म्हणून आपले कितीतरी नातेवाईक भिवंडी, मिरा रोडला गेले. त्या शहरांना पाणी पुरवणारं स्टेम प्राधिकरण शहाडजवळ उल्हास नदीतूनच पाणी उचलतं.

उल्हास आणि वालधुनीत जाणाऱ्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध ‘वनशक्ती’ संस्था 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे गेली. 2015 मध्ये लवादाने नगरपालिका, महापालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे 95 कोटी भरायला सांगितले.

आपण मात्र पिवळ्या पाण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतो आणि नगरसेवकाला शिव्या देतो. त्यातून काहीच उभं राहत नाही. हरित लवाद कायदा, 2010 नुसार वाद नेण्याची मुदत, कारण पहिल्यांदा घडल्यापासून, सहा महिने आहे. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. (फार तर साठ दिवसांची सवलत.) म्हणून पहिली तक्रार लेखी हवी, पोच घेतलेली.

दुसरं, टीडीएस मीटर. आमच्या इंजिनिअर मंडळींनाही तो दाखवून छाती फुगवायची हौस! भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतात, क्रोमियम फक्त 0.05. क्रोमियम मर्यादेच्या दहापट झालं तरी मीटरचा आकडा जेमतेम हलेल. पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

उशिराची किंमत राजस्थानातल्या बिछडी गावाने मोजली. एच-ॲसिडच्या कारखान्यांनी विहिरींचं पाणी काळपट करून टाकलं. 1989 मध्ये याचिका, 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. तरी कंपन्या अर्जावर अर्ज करत राहिल्या. 2011 मध्ये न्यायालयाला 37.385 कोटींवर 12 टक्के चक्रवाढ व्याज लावावं लागलं. तोवर एक पिढी त्या विहिरींशेजारी मोठी झाली होती.

भिवंडीतल्या मामूंना, मिरा रोडच्या खालांना एवढं तरी सांगा: भरपाई मागायची नसेल तर लवादाकडे अर्जाची फी एक हजार रुपये आहे, आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते.