“मानसिकता बदला” म्हणणाऱ्यांना

हल्ली कोणत्याही शेतकरी मेळाव्याला जा, खत-फवारणीचं बोलून झालं की एक वक्ता उठतो आणि सांगतो, “शेतकऱ्यांनो, सकारात्मक व्हा, मानसिकता बदला.” टाळ्या पडतात. आपल्या गंगाखेडकडंही तेच. मला हे पटत नाही.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. मोंढ्यात माल त्याच्या कितीतरी खाली गेला. सरकारी खरेदीला ओलाव्याची अट १२ टक्के. नोव्हेंबरात ती १५ केली, पण ज्याला नड होती त्यानं तोवर माल घालून टाकला होता. यात कुणाची मानसिकता चुकली? हसत हसत विकलं असतं तर भाव चढला असता का?

पण “शेतीत काही राहिलं नाही” म्हणत पारावर बसणाऱ्यांच्या बाजूनंही मी नाही. दादाजी खोब्रागडे आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, आपलं शेजारचं नांदेड नव्हे. शिक्षण तिसरी, जमीन थोडकी. १९८३ साली पटेल-३ धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. तोच एचएमटी तांदूळ. नाव घड्याळावरून पडलं. अशा लोंब्या भाषण ऐकून दिसत नसतात, रोज वावरातून फिरावं लागतं. आणि हाच माणूस २०१८ साली गेला तेव्हा शेवटच्या आजारपणात उपचाराच्या पैशासाठी ओढाताण झाली. आता सांगा, त्यांचे विचार कुठं कमी पडले?

म्हणून वक्त्यांना माझं म्हणणं एवढंच, की भावाचा प्रश्न आला की मनाचा विषय काढू नका. मनाचंच बोलायचं तर हाताला काम देऊन बोला. घरचं सोयाबीन बियाणं असेल तर १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायला लावा. ७० निघाले तर एकरी ३० किलो, ६० निघाले तर ३५ किलो, त्याहून फारच कमी असलं तर बियाणं बदला. अर्ध्या तासाचं भाषण, पण त्यात हे एकदाही ऐकलं नाही राव!

मृगाआधी आपापली उगवण तपासून आकडा खाली टाका. वाण कोणता, बियाणं घरचं का विकतचं, तेही लिहा.